चार हेडसेट घेऊन पोलादपूरला

लोक कोकणात समुद्र बघायला जातात. मी यंदा शिमग्याच्या दिवसांत महाड-पोलादपूरकडे गेले, तिथे समुद्र नाही. गाडीच्या मागच्या सीटवर चार हेडसेट होते, वैमानिक चढवतात तसले. कानांवर दोन जाड कप, डोक्यावरून कमान आणि ओठांपाशी येणारी माइकची दांडी. असलं सामान घेऊन सुट्टीवर जाणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मी देशावरच्या एका धावपट्टीवर मुलांना छोटी विमानं उडवायला शिकवते. इतकी वर्षं त्या इंजिनाशेजारी बसून मान आखडली आहे आणि कानांत रातकिडे कायमचे वस्तीला आले आहेत. मला चार दिवस कुठेतरी गरम पाण्यात मान बुडवून गप्प पडायचं होतं. रजेचा अर्ज दिला तेव्हा आमचे मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "सवच्या गरम झऱ्यांवर चाललीच आहेस, तर वाटेत ओंकारचं बघून ये. हेडसेट बदलून फरक पडतो का बघ. नाही पडला तर त्याच्या वडिलांना काय ते सांगून ये."

ओंकार माझा विद्यार्थी. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीचा. हात इतका हलका की त्याच्या शेजारी बसल्यावर मला डुलकी यायची, आणि शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र देता येत नाही. पण टॉवरवरून आलेली सूचना तो अर्धीच परत म्हणायचा. वैमानिकाला सूचना ऐकून तशीच उलट म्हणून दाखवावी लागते. ओंकार पहिला भाग म्हणायचा, उरलेला गिळायचा. एकट्यानं विमान नेण्याची परवानगी, ज्याला आम्ही सोलो म्हणतो, ती दोनदा त्याच्या तोंडाशी येऊन हुकली होती. तिसऱ्यांदा हुकली तर त्याला घरी पाठवायचं, असं ठरलं होतं. वैद्यकीय तपासणीत कान शाबूत निघालेले, म्हणून सगळ्यांचा संशय शाळेच्या जुन्या हेडसेटवर होता. घरचे नवा घ्यायला तयार होते, फक्त कुठला ते मी सांगायचं होतं.

बिरवाडी

वरंध घाट चालू आहे की बंद, हे भोरला चहा पिताना विचारून घ्यावं लागतं. चालू होता. घाट उतरल्यावर उकाडा अंगाला चिकटला आणि बिरवाडीत शिरेपर्यंत स्टिअरिंगही ओलं झालं. बिरवाडी म्हणजे गाव आणि कारखान्यांची वसाहत यांची सरमिसळ. एका बाजूला कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि दोरीवर वाळणारे निळे डगले. ओंकारचे वडील इथल्याच एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. आठवडाभर खोलीवर राहतात आणि सुट्टीला वाडीवर जातात.

बापलेक दोघं रस्त्यावर येऊन उभे होते. शिमग्याच्या सुट्टीवर आलेल्या ओंकारने केस कानांवर आले तरी कापले नव्हते. मी आल्या आल्या त्यावरून त्याला टोकलं.

"मॅडम, आधी जेवा," त्याचे वडील म्हणाले. "इमान कुठं पळून जात नाय."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तव्यावर परतलेली सुकट. माझं माहेर फलटणकडचं, ज्वारीवर वाढलेली मी. तांदळाची भाकरी मला नेहमी आजारी माणसाची वाटते, पण त्या बिरड्यासोबत मी ती मुकाट्यानं तीनदा मागून घेतली. मग वडिलांनी आपला बेत सांगितला. हेडसेट घरात घालून काय कळणार, विमानासारखा आवाज पाहिजे. शेजारच्या भाताच्या गिरणीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मला बेत आवडला. दुकानात हेडसेट घालून बघणारी माणसं एसीमध्ये दोन मिनिटं आरशात बघतात आणि म्हणतात, छान आहे. तिथे सगळेच छान असतात. हेडसेटची खरी ओळख दुसऱ्या तासाला होते, घाम आल्यावर, चष्म्याची काडी कपाखाली रुतायला लागल्यावर.

गिरणीत पाऊल टाकलं आणि रातकिडे बंद पडले, इतका तिथे गोंगाट होता. तूस उडत होतं. माझ्याकडे बॅटरीवरचा एक छोटा डबा आहे, त्याला दोन हेडसेट जोडले की एकमेकांशी बोलता येतं. पोत्यांवर समोरासमोर बसून मी सूचना द्यायची आणि ओंकारने ती परत म्हणायची, असं सुरू झालं.

पहिला हेडसेट शाळेतला हिरवा जुना. मजबूत, कधी बिघडणार नाही, पण कवटी अडकित्त्यात धरल्यासारखी दाबतो. दुसरा त्याच जातीचा, पण कमान रुंद आणि कपांच्या कडेला मऊ जेलच्या गाद्या. तिसरा भारीतला, बॅटरीवर चालतो आणि आवाजाच्या उलट आवाज काढून गोंगाट पुसून टाकतो. चढवला की देवळात शिरल्यासारखं वाटतं, फक्त बॅटरी संपली की देऊळ तिथल्या तिथे बाजारात येतं. चौथा वजनाला हलका, पण त्याची माइकची दांडी माझ्याच हातात दोनदा ढिली पडली. वर गेल्यावर ओठांपासून खाली घसरणारा माइक मला नको. कानात बोंडं घालायचाही एक प्रकार असतो. आमच्याकडे शिकणाऱ्यांना तो चालत नाही.

चारही हेडसेटांत ओंकारने अर्धंच परत म्हटलं. भारीतल्या तिसऱ्यातही.

त्याच्या वडिलांना वाटलं, हेडसेट वाईट असतील. त्यांनी दुसरा उचलून आपल्या डोक्यावर चढवला आणि मला खूण केली. इंग्रजी यथातथा, तरी मी म्हटलेला शब्द न् शब्द त्यांनी मोठ्याने परत म्हणून दाखवला, आकडे सुद्धा. म्हणून दाखवला आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की याचा अर्थ काय होतो. हेडसेट चांगले होते, गोंगाट सगळ्यांना सारखाच होता. मग उरला तो मुलगा. त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि पोत्याची सुतळी सोडवत बसले.

मी तिसरा हेडसेट पिशवीत घालायला घेतला, तर उजव्या कपाच्या गादीवर ओला तांबडा ठिपका.

"इकडे ये," मी ओंकारला गिरणीबाहेर ओढलं आणि त्याचे केस मागे सारले. उजव्या कानाच्या वरच्या पाळीवर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी होती. ती काढली तर खाली सोन्याची बाळी, दोन बारीक मोती आणि मधे लाल खडा. पुरुषांच्या कानाच्या वरच्या बाजूला असते ती भिकबाळी. पट्टीनं दाबून ती कानात रुतली होती आणि भोवतीची कातडी सोलून निघाली होती.

सगळं एका क्षणात कळलं. कपाची गादी कानाभोवती चहूबाजूंनी टेकावी लागते. मधे काही आलं की फट पडते, फटीतून इंजिन आत येतं आणि माणसाचा आवाज त्यात बुडतो. शिवाय कान ठणकत असताना कोण वाक्याच्या शेवटापर्यंत पोचतो? आमच्या शाळेत दागिना घालून विमानात बसायला मनाई आहे, म्हणून हा पठ्ठ्या रोज सकाळी पट्टी लावून त्यावर केस सोडत होता. पुण्यात मिरवणुकीत ढोल बडवणारी पोरं हौसेनं असल्या बाळ्या घालतात. मला वाटलं, तसलीच हौस. मी चिडले.

"काढ ती. आत्ता. इतके महिने दोन मोत्यांपायी स्वतःचं वाटोळं करत होतास?"

वडील मागे येऊन उभे होते. "ती त्याची नाय मॅडम. ती त्याच्या आयशीची हाय. नवसाची. मी काढ म्हनू शकत नाय, त्यो बी काढू शकत नाय."

"मी एकदा काढली होती, मॅडम," ओंकार म्हणाला. "हॉस्टेलवर. त्याच दिवशी घरून फोन, आये बांधावरून पडली म्हणून. पाय मोडला तिचा. मग परत घातली."

मी दमले होते. "उद्या वाडीवर येते," एवढं म्हणून महाडच्या लॉजचा रस्ता धरला.

सव

सकाळी सवला गेले, कारण मूळ बेत तोच होता. सावित्रीच्या काठी गरम झरे आहेत. वर्णनात काही लपवत नाही. पाण्याला गंधकाचा वास येतो, काठावर साबणाचे कागद पडलेले असतात, आणि तरीही पाण्यात मानेपर्यंत बसलं की हाडं सुटी होतात. घरी मला अंघोळीला पाणी तापवायलाही कंटाळा येतो. इथे जमीनच पाणी तापवून देते, हे फारच सभ्यपणाचं वाटलं.

हेडसेटची पिशवी मी काठावर ठेवली होती. बंद गाडीत उन्हानं गाद्यांचा स्पंज कडक होतो. एका बाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "ह्ये काय गो, कानाला लावतात?"

"हो. विमानात."

"मंग पान्यात कशाला आनलंस?"

मी पिशवी पाण्यापासून लांब सरकवली. खरं सांगायचं तर त्या पाण्यात बसून मी ठरवून टाकलं होतं. वाडीवर जायचं, ओंकारच्या आईला नीट सांगायचं, तिला पटणार नाही, मग वडिलांना सांगायचं की मुलाला परत पाठवू नका. कुणाच्या नवसाशी भांडायची माझ्यात ताकद उरली नव्हती. मुलगा दुसरं काही शिकेल. पुष्कळ जण शिकतात. असा विचार करून करून बरं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

बाहेर पडले तर गाडीचं मागचं चाक बसलेलं. पंक्चरवाला शिमग्याच्या पालखीबरोबर गेला होता, तो येईतो ऊन डोक्यावर आलं.

आंबेनळीच्या पायथ्याशी

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. ओंकारची वाडी या रस्त्यावरून फुटणाऱ्या चढावर आहे. एरवी निम्म्या घरांना कुलपं असतात, कारण माणसं मुंबईत. शिमग्याला ती सगळी परत येतात आणि अंगणात गाड्या लावायला जागा उरत नाही. आमच्याकडे होळी पेटली, पोळी खाल्ली, पुढे रंगपंचमीला पोरांनी दंगा केला की संपलं. इथे देवी स्वतः पालखीत बसून घरोघर जाते. ज्याला जे सांगायचं ते तो आपल्या उंबऱ्यात उभा राहून तिला सांगतो. वर्षभर आपण देवळात जायचं आणि एकदा देवीनं आपल्याकडे यायचं, हा व्यवहार मला बरोबरीचा वाटला.

ओंकारची आई किंचित लंगडत बाहेर आली. बांध्यानं लहान बाई. मला पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. गिरणीतली हकिकत तिला कळलेली होती.

"तुमी बाळी काढायला सांगायला आलाव."

"हो."

"नाय काढायची."

मग तिनेच सांगितलं. ओंकारच्या आधी दोन मुलं झाली आणि दोन्ही बारशाच्या आत गेली. ओंकार पोटात असताना ती पाच घरी पदर पसरून सोन्याचा कण कण मागून आली. भिकेचं सोनं असलं की मूल देवाला आपलं वाटत नाही, तो नेत नाही. पोलादपूरच्या सोनाराने त्याची बाळी केली आणि तिने गावदेवी काळकाईला शब्द दिला, लग्न होईस्तोवर बाळी अंगावेगळी होणार नाही.

"आनि आता तो वर जातो. वर! तिथंच नको म्हनता ती?"

ती रडली नाही. तिच्या बाजूने पाहिलं तर ती शंभर टक्के बरोबर होती. ज्या जागी मुलाला सगळ्यात जास्त धोका, त्याच जागी मी त्याची राखण काढून घ्यायला सांगत होते.

समजावून सांगणं माझ्याच्याने झालं नसतं. पालखीबरोबरचे ढोल आणि सनई शेजारच्या अंगणात आले होते, कानठळ्या बसत होत्या. मी पिशवीतून दुसरा हेडसेट काढला आणि तिला विचारून तिच्या डोक्यावर चढवला. तिचा चेहराच बदलला. ढोल वाजवणाऱ्यांकडे बघत राहिली, हात हलताहेत आणि आवाज मात्र कुठे दूर, पलीकडच्या डोंगरावर. मी स्वतः एक चढवून डब्यातून बोलले, "ओंकारच्या आई, माझं ऐकू येतंय?" ती हसली. "येतंय की! कानात बसल्यासारखं."

सुपात वाल पडले होते. मी त्यातला एक दाणा घेतला, तिच्या उजव्या कानाजवळ गादीच्या खाली सरकवला आणि पुन्हा बोलले. तिने मान हलवली. पुन्हा बोलले. ती मला खुणेनं म्हणाली, काय, काय? आणि मग एकदम तिने हेडसेट काढून मांडीवर घेतला.

"एवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

"खालून सांगत्यात ते ह्याला असं ऐकू येतंय?"

"अर्धं येतं."

"नी अर्धं ऐकून तो इमान उतरवतो?"

"मी शेजारी असते म्हणून उतरतं. मी त्याला एकटं सोडत नाही. आणि एकटं सोडल्याशिवाय तो वैमानिक होत नाही."

ती ओंकारकडे वळली. "आनि तू मला सांगितलं नायस रे? कान सोलला तरी?"

"तुला काय सांगू आये," तो म्हणाला. "काढली असती तर तू परत पडली असतीस."

पालखी अंगणात आली. तिने ओटी भरली, नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचा मान असलेले एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना तिने हळूच काहीतरी सांगितलं. ढोल थांबले. त्यांनी देवीला सगळी हकिकत मोठ्याने सांगितली, विमानासकट, आणि शेवटी विचारलं, बाळी काढावी का? मग त्यांनी कौल लावला. पालखीत देवीच्या मुखवट्याला फूल चिकटवलं. ते उजवीकडे पडलं की होकार, डावीकडे पडलं की नकार. सगळे बघत राहिले. फूल पडलंच नाही. वाट बघून बघून सनईवाला खाली बसला.

"बोलत नाय ती," म्हातारे म्हणाले. "शब्द तू दिलास, सुटका बी तूच काढायची. आमी काय करनार बाय?"

मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात पिशवीची चेन लावायला घेतली.

ओंकारची आई मुलापाशी गेली. त्याची मान खाली वाकवली आणि त्याच्या कानातली बाळी फिरवून काढली. तो ओरडला नाही, पण पायाची बोटं त्याने आवळून घेतली. बायका "अगो, अगो" करत पुढे आल्या. तिने कुणाकडे पाहिलं नाही. लग्नात बुगडी घालायला तिच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीला कधीकाळी भोक पाडलेलं होतं. बुगडी कधीच गेली होती आणि भोक बुजत आलं होतं. तिने बाळीची तार त्या जागी लावली आणि दाबली. पहिल्यांदा जाईना. दुसऱ्यांदा गेली. तिच्या मानेवरून रक्ताची एक बारीक धार पदरात उतरली.

मग ती पालखीसमोर उभी राहिली आणि देवीशी शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"अंगावेगळी होनार नाय म्हनले होते. आता बी होत नाय. ह्यो माज्याच अंगातनं आलाय. त्याच्या कानात असली काय नी माज्या कानात असली काय. आता त्याच्यावरचं काय असंल ते हितं येऊ दे."

म्हातारे मुखवट्याकडे बघत होते. फूल तिथेच होतं. मग त्यांनी ढोलवाल्याला हात केला आणि पालखी पुढच्या घरी निघाली.

जेवायला पुरणपोळी होती. ती सगळ्यांना वाढत होती, आणि उजवीकडून कुणी हाक मारली की पूर्ण वळून बघत होती.

परत

मी आंबेनळीनेच वर चढून महाबळेश्वरमार्गे घरी आले. सुट्टी म्हणून विचाराल तर ती झालीच नाही. मान होती तशीच आहे.

हेडसेट दुसराच घ्यायला सांगितला. बॅटरी नाही, जेलच्या गाद्या, रुंद कमान, दांडी जिथे ठेवाल तिथे राहणारी, आणि कुठलाही भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येणारा. भारीतला पुढे कधीतरी घेईल. ओंकारचा कान बरा होईपर्यंत त्याला जमिनीवरच ठेवलं. मग बरोबर घेऊन फेऱ्या मारल्या. तो सूचना शेवटच्या शब्दापर्यंत परत म्हणायला लागला. एका सकाळी मी विमानातून खाली उतरले, दार लावलं आणि त्याला म्हटलं, जा.

टॉवरमध्ये उभी राहून मी ऐकत होते. तो एक चक्कर मारून आला. त्याचा प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता. चाकं टेकली तशी मी जिना उतरून त्याच्याकडे निघाले.

त्याने उतरल्या उतरल्या घरी फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. तिकडून तिने आधी विचारलं ते हेच.

"सगळं ऐकू आलं रे?"

"सगळं, आये. तुझा कान कसा हाय?"

"पिकलाय. उजव्या बाजूनं कमीच येतं ऐकू."

"मंग काढ की ती. डॉक्टरकडं जा."

"डॉक्टरकडं जाऊन आले. मलम दिलंय. काढनार नाय."

"आये, अगो दुखत असंल."

"दुखू दे," ती म्हणाली. "मला कुठं इमान उतरवायचंय?"